घरचा बीए (बिझनेस अॅनालिस्ट) ठेवावा का बाहेरचा कन्सल्टंट आणावा
वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्या म्हणा, जालन्याच्या रोलिंग मिल म्हणा का लातूरच्या डाळ मिल, जिथं ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकायचं ठरतं तिथं मालक लोक हमखास हेच विचारतात, की बिझनेस अॅनालिसिसला पगारी माणूस ठेवू का कन्सल्टंट बोलावू. आणि लगेच कोण स्वस्त पडतो त्याचा हिशोब सुरू. माझं म्हणणं आहे की आधी हे बघा, कोणाला काय दिसतं आणि काम संपल्यावर माहिती कोणाकडं राहते.

काम दोघांचं एकच. कुठं अडतंय, कोणाला काय पाहिजे ते लोकांना विचारायचं आणि सॉफ्टवेअरवाल्याला कळेल असं लिहून द्यायचं.

मी वाळूजला एका पार्ट्सच्या कारखान्यात होतो तेव्हा बाहेरून दोघं जण आले, तीन आठवडे बसले, मॅनेजरला विचारून जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल बाहेरच्याकडून काम करून आणायचा, फ्लो काढला. चलन बनलं, माल प्लेटिंगला (धातूचा मुलामा चढवायला) गेला, माल परत आला, एंट्री झाली. कागदावर सगळं चोख. तो कागद घेऊन मी स्टोअरमधल्या मामांकडं गेलो तर त्यांनी ड्रॉवरमधून लाल पुठ्ठ्याची वही काढली अन् म्हणले, "साहेब, माल कुठं पुरा यायलाय?" प्रत्येक चलन नंबरसमोर किती नग यायचे राहिले ते पेनानं लिहिलेलं, काही ओळी तर आठ-आठ महिन्यांच्या जुन्या. आता जीएसटीत असं आहे की जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात, म्हणजे टॅक्स आला आणि वरून व्याज. एवढी महत्त्वाची वही आणि फ्लोमध्ये तिला जागाच नव्हती! मामांनी ती मला दाखवली कारण आमचा दुपारचा चहा रोज सोबत व्हायचा, तीन आठवड्यांच्या पाहुण्याला कोण कशाला दाखवंल.

पण म्हणून कन्सल्टंटला नावं ठेवून चालणार नाही. त्याच कारखान्यात खरेदी मालकांचे भाचे बघायचे, एकाच बोल्टचे तीन-तीन आयटम कोड झालेले, एका कोडवर स्टॉक पडून आणि दुसऱ्यावर नवी ऑर्डर चाललेली. आम्हाला सगळ्यांना माहिती होतं, पण मीटिंगमध्ये बोलणार कोण, पगार तिथूनच येतो ना. कन्सल्टंटनं पहिल्याच प्रेझेंटेशनला ते स्क्रीनवर लावलं आणि मालकांनी गुपचूप ऐकून घेतलं. त्यानं असे बरेच कारखाने बघितलेले असतात, त्यामुळं आपल्याला जे रोजचंच वाटतं ते त्याला लगेच खटकतं.

पैशाचं म्हणाल तर पगारी माणसाला पगारावर पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी आणि तो शिकेपर्यंतचे महिने धरा. कन्सल्टंटच्या फीवर १८ टक्के जीएसटी. पार्ट्सवाल्याला त्याचं क्रेडिट मिळून जातं, म्हणजे आपल्या मालावरच्या जीएसटीतून तो वजा करता येतो, पण जी डाळ मिल २५ किलोच्या वरच्या पोत्यातच डाळ विकते तिच्या मालावर जीएसटीच नाही, मग क्रेडिट कशातून घेणार? लाखाची फी तिला १ लाख १८ हजाराला पडते, आणि हे बरेचदा बिल हातात आल्यावर कळतं.

अजून एक गोष्ट फार जण बघत नाहीत. नोकरीतल्या माणसानं कामाचा भाग म्हणून केलेले रिपोर्ट, फ्लोचार्ट यांचा कॉपीराइट १९५७ च्या कायद्यानं कंपनीचा असतो, वेगळं काही ठरलं नसलं तर. कन्सल्टंटचं उलटं, लेखी करार नसेल तर हक्क सहसा त्याच्याकडंच राहतो. हक्क आपल्याकडं घ्यायचा करार केला पण हक्काची मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात. म्हणून हक्क कायमचे आमचे अशी ओळ टाकून घ्या.

माझ्या मते रेट, जॉबवर्क, रिजेक्शन असे प्रश्न दर महिन्याला उठत असतील तर घरचाच माणूस तयार करा, वर्ष लागलं तरी चालेल. ईआरपी कोणतं घ्यायचं, दुसरा प्लांट टाकायचा का, असं एकदाच ठरवायचं असेल किंवा घरातल्या घरात बोलता येत नसेल तर बाहेरचा आणा. पण मग पहिल्या दिवसापासून आपला एक माणूस त्याच्या शेजारी बसवा, अकाउंटचा असो का स्टोअरचा, कोणती वही कोणाच्या ड्रॉवरमध्ये असते हे ज्याला माहितीय असा.