दानशूर सम्राट आणि हिणकस चांदी

रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं एक दिनारियस नाणं आहे. चांदीचं, आपल्या बोटाच्या पेरात मावेल एवढं, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला दाढीवाला सम्राट, दुसऱ्या बाजूला उभी स्त्री. ती लिबरालितास, म्हणजे मूर्तिमंत दानत. कडेच्या अक्षरांत तिचं नाव आणि सहाचा रोमन आकडा: सम्राटाचं हे सहावं दानवाटप.

तिच्या एका हातात फळाफुलांनी भरलेलं समृद्धीचं शिंग आहे. दुसऱ्या हातातली चौकोनी फळी मात्र भिंगातूनच बघावी. तिच्यावरचे ठिपके म्हणजे खळगे. नाण्यांच्या राशीत फळी खुपसायची, हलवायची. प्रत्येक खळग्यात एकेक नाणं बसलं की ठरलेली रक्कम तयार. ती सरळ समोरच्याच्या ओच्यात ओतायची. केरळातल्या त्रावणकोर संस्थानात चिमुकली पणम नाणी मोजायला अशाच खळग्यांच्या लाकडी फळ्या होत्या. मला तर हे साम्य फार लोभस वाटतं.

वाटप किती मोठं असे? इ.स. 202 मध्ये, राज्याच्या दहाव्या वर्षी, सेव्हेरसने सरकारी धान्य मिळणाऱ्या रोमवासीयांना आणि आपल्या अंगरक्षक दलाला माणशी 10 सोन्याची नाणी दिली. राज्याच्या प्रत्येक वर्षामागे एक. त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ एकूण खर्च 20 कोटी सेस्टर्स (रोमन हिशेबातलं छोटं नाणं) सांगतो. सोन्याच्या एका नाण्याचे 100 सेस्टर्स, म्हणजे घेणारे भरले 2 लाख!

याच सम्राटाने सैनिकांचा पगारही वाढवला. एवढा पैसा आणायचा कुठून? उत्तर नाण्याच्या पोटात आहे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस, त्याच्या काळी दिनारियस जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. सेव्हेरसच्या काळात चांदी उरली सुमारे निम्मी, बाकी मुख्यतः तांबं. तरीही नाणं पांढरंशुभ्र दिसे, कारण टाकसाळीत ठसा मारण्याआधी चकती तापवत. पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्साइड होई, ते आम्लात विरघळवून काढलं की वर चांदीची साय राही.

या सायीने संशोधकांनाही चकवलं. क्ष-किरणांची नेहमीची तपासणी पृष्ठभागाच्या खाली फारशी पोचत नाही, त्यामुळे नाणी होती त्याहून चोख ठरत गेली. म्हणून आता नाण्याच्या कडेला बारीक छिद्र पाडतात, सुरुवातीचा कीस टाकून देतात आणि गाभ्यातला कीस तेवढा तपासायला घेतात.