लाली गेली म्हणजे डोळा बरा झाला?

‘डोळे आलेत? मागच्या वेळचा ड्रॉप आहे ना फ्रिजमध्ये, घाल दोन थेंब.’ २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात साथ आली तेव्हाही हा सल्ला घरोघर चालला. त्यामागचा समज असा, की लाली घालवणारा ड्रॉप म्हणजे डोळा बरा करणारा ड्रॉप.

तसं नाही. आधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. ते जिवाणूंवर चालतं, आणि डोळ्यांची साथ बहुधा विषाणूंची असते. त्याच नावाखाली डेक्सामेथासोन लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड. प्रेडनिसोलोनही त्यातलंच. स्टेरॉइड सूज आणि लाली झपाट्याने उतरवतं, पण जंतू मारत नाही. उलट डोळ्याची प्रतिकारशक्ती दाबतं. बुबुळाला नागीण किंवा बुरशीची जखम असेल, तर वरवर बरं वाटत असताना आत जखम पसरते. शेतात डोळ्याला पात लागल्यावर असा ड्रॉप घालणं तर भलतंच धोक्याचं. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही.

केटोरोलॅक, नेपाफेनॅक हे सूज उतरवणारे, पण स्टेरॉइड नसलेले घटक. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरेचदा देतात. निर्धोक मात्र तेही नाहीत. क्वचित बुबुळ विरघळू लागल्याची उदाहरणं आहेत.

स्टेरॉइड डॉक्टरांनीच दिलं असेल तर घाबरून मध्येच सोडू नका. ते बहुधा टप्प्याटप्प्याने कमी करतात. फ्रिजमधली जुनी बाटली मात्र फेकाच. बहुतेक ड्रॉप उघडल्यावर महिनाभरच वापरायचे असतात.