दांडाचं लुगडं ते डाळीतल्या नोटा : मराठी घरातल्या काटकसरीची पार्श्वभूमी

नऊवारी लुगडं आधी मधोमध विरतं. बसण्याउठण्याचा, कासोट्याचा सगळा ताण तिथे येतो, दोन्ही टोकं मात्र बऱ्यापैकी धड राहतात. पूर्वीच्या बायका विरलेला भाग कापून काढत आणि उरलेल्या दोन तुकड्यांची चांगली टोकं एकमेकांना शिवून लुगडं पुन्हा नेसण्याजोगं करत. या जोडाला दांड म्हणतात. दांडाचं लुगडं घरात आणि शेतात चाले, लग्नकार्यात नाही. तेही विरलं की त्यातून तान्ह्याची दुपटी आणि कुंची निघे, मग गोधडीचे थर, मग चुलीवरची भांडी धरायचं फडकं आणि शेवटी जमीन सारवायचं पोतेरं. धोतराची वाट जरा वेगळी होती. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर श्रीखंडाचा चक्का बांधायला सगळ्यांत चांगलं, कारण पाणी निथळतं आणि दही मागे राहतं.

पैसे वाचवण्याच्या घरगुती युक्त्यांबद्दल बोलणं निघालं की हे सगळं ‘आजीच्या चांगल्या सवयी’ या नावाखाली येतं. मला ते अपुरं वाटतं. या सवयींना साल आहे. एखादी सवय कोणत्या टंचाईत पक्की झाली, कोणती वस्तू बाजारात आल्यावर ती गेली आणि ती पाळण्यासाठी घरातल्या कोणी किती तास घातले, एवढं तरी तिच्याबरोबर सांगायला हवं.

‘कसर’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ मोडणं, तुटलेला भाग, अपूर्णांक. व्यवहारात तो तूट आणि कपात या अर्थांनी रुळला, आणि ‘काट’ला जोडून काटकसर झाला. काटकसरीच्या मराठी शब्दसंपत्तीत माझा आवडता वाक्प्रचार मात्र ‘कोंड्याचा मांडा करणं’ हा आहे. मांडा म्हणजे हातावर पसरून उलट्या तव्यावर भाजायची अतिशय पातळ, नाजूक पोळी. कोंड्यापासून ती होत नाही. ज्या बाईनं ती करून दाखवली तिचं कौतुक करणारी ही भाषा आहे, आणि घरात कोंडाच का उरला होता याबद्दल ती काही विचारत नाही.

शेतीच्या घरात काटकसरीचं पहिलं रूप बेगमीचं. पीक वर्षातून एकदा येतं आणि खायला रोज लागतं, त्यामुळे धान्य कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात साठवायचं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात सांडगे, कुरडया, पापड वाळवायचे, म्हणजे पावसाळ्यात भाजी मिळाली नाही तरी ताटात काही पडतं. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या आधी सुकी मासळी, मीठ, मिरची, कोकम भरून ठेवतात. गोव्यात याच साठ्याला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोविमेंतू’वरून आला आणि त्याच्या नावाची फेस्तं पावसाळ्याच्या तोंडावर आजही भरतात. शिळ्या भाकरीचा ताकातला काला, फोडणीची पोळी, उरलेल्या वरणाचं थालीपीठ ही सगळी त्याच घरातली मंडळी.

बेगमी एका वाईट वर्षापुरती पुरते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ती दख्खनमध्ये पुरली नाही. सरकारी कामावर राबणाऱ्याला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे इतकी मजुरी ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तिला विरोध केला आणि अनेक ठिकाणी मजुरांनी कामं सोडली. शतक संपताना आणखी दोन मोठे दुष्काळ आले. ताटात अन्न टाकू नये हा धाक त्या पिढ्यांनी पुढे दिला असेल, तर त्यात नवल नाही.

शहरी घराच्या सवयी घडल्या त्या मात्र दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. मुंबई आणि कोकण भात खाणारे, म्हणून फटका इथे थेट स्वयंपाकघरात बसला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. माणशी मोजून धान्य मिळू लागलं, त्यात तांदूळ कमी आणि गहू, ज्वारी, बाजरी जास्त, त्यामुळे भातखाऊ घरांना पोळीभाकरीची सवय लावून घ्यावी लागली. डब्यात तांदूळ किती दिवसांचे उरलेत हे वाटीवर मोजणं, पाहुणा आला की स्वतःचा भात कमी करणं, रांगेत पोराला उभं करून आपण पाणी भरणं, ही त्या रेशनकार्डाची शिकवण. कापडाचंही तसंच. भाव इतके चढले की जून १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सूत नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. दांड घालणं त्या काळात गरीब घरापुरतं राहिलं नाही.

त्याच साली सरकारनंही काटकसर केली. तांबं वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला पैसा पाडला गेला. त्याचं वजन आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी होतं. जुन्या घरांत हा भोकाचा पैसा अजून सापडतो, कुठे कडदोऱ्यात ओवलेला, कुठे देव्हाऱ्यात.

१९३७ मध्ये बाजारात आलेला डालडा, म्हणजे वनस्पती तूप, आणि त्याचा पिवळा पत्र्याचा डबा याच काळात घरोघर रुजले. तूप परवडत नव्हतं म्हणून डालडा आणला, पण मला विचाराल तर घरानं डबा जास्त वापरला. डाळी, पिठं, साखर त्यात ठेवली जाई. गंजायला लागला की तळाला भोक पाडून त्यात तुळस लावायची. चाळीच्या गॅलरीत हिरव्या माडाचं चित्र असलेल्या या कुंड्यांची ओळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. रिकामा डबा आधी रांगेतला नंबर धरायला आणि पाणी भरायलाही जात असे.

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणं उठली, परत आली, पुन्हा सैल झाली. १९६५ च्या युद्धात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं आणि सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहू लागली. आपल्याकडे सोमवार धरणारी घरं आधीपासून होती, त्यांना हे परकं वाटलं नाही. १९६६ मध्ये भारतानं सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं, बरंचसं अमेरिकेतून.

आजच्या मराठी मध्यमवयीन माणसाच्या हातात जी काटकसर आहे ती बहुतेक १९७२ नंतरच्या दोन-तीन वर्षांची आहे असं माझं मत आहे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरच्या माणसांची संख्या वाढत वाढत १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या आसपास गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळे, रेशनवर मिलो. मिलो म्हणजे आयात केलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी धड थापली जात नसे, तुटे, चवही लागत नसे. त्या पिढीतल्या कुणापुढेही ‘मिलो’ हा शब्द काढा, चेहरा बदलतो. याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली.

शहरात तेव्हा महागाई होती. सप्टेंबर १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. लाटणी घेऊन आणि थाळ्या वाजवत हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. मागण्या साध्या होत्या : तेल, साखर, रॉकेल, धान्य रास्त भावात आणि पुरेसं मिळावं. मला या मोर्च्याचं मोल फार वाटतं. घर चालवणं ही बाईच्या चतुराईची गोष्ट आहे असं जे कौतुकानं सांगितलं जाई, त्याला या बायकांनी उत्तर दिलं की तेलच मिळत नसेल तर चतुराई कुठे चालवायची? १९७३ च्या शेवटी जगभर खनिज तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, आणि १९७४ मध्ये भारतातली महागाई वर्षाला २५ टक्क्यांच्या पुढे गेली.

रॉकेलच्या रांगांनी चुलीच्या सवयी बदलल्या. डाळ-तांदूळ आधी भिजत घालणं, सगळी चिराचिरी झाल्यावरच स्टोव्ह पेटवणं, झाकण ठेवून शिजवणं, उकळी आली की आच कमी करणं. प्रेशर कुकर भारतात १९५९ पासून बनत होता, पण घरात तो चैन म्हणून आला आणि इंधन वाचवणारा म्हणून राहिला. भात, वरण आणि बटाटे एकाच वेळी तीन डब्यांत शिजवण्याची पद्धत त्यानंच दिली. पुढे १९७८ मध्ये इंधन बचतीसाठी सरकारनं पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन (पीसीआरए) ही संस्था स्थापन केली आणि तिच्या जाहिरातींतून हाच सल्ला देशभर गेला. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रातून नूतन हा कमी रॉकेल खाणारा वातीचा स्टोव्हही आला.

एकेकट्या घरानं किती वाचवायचं यालाही मर्यादा असते, हे १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं ओळखलं. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके यांचा त्यात पुढाकार होता. शेजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, पंचायतीनं घाऊक माल आणायचा आणि तो एका सभासदाच्या घरी उतरवून आपापसांत वाटून घ्यायचा. दुकान नाही, काउंटर नाही. या वाटपाच्या दिवशी पोती, तराजू आणि बायकांची लगबग अशी जी गर्दी होते, तिच्यात घरखर्चाच्या जितक्या गोष्टी कळतात तितक्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत.

सवयी गेल्या कशा, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. लोक उधळे झाले, असं सोपं उत्तर देतात, पण खरं कारण बदललेल्या वस्तूंत आहे. टेरिलीन आणि नायलॉन आलं तेव्हाच गोधडीचं मरण ठरलं होतं. सुती लुगड्यांच्या थरांतून धावदोरा सहज जातो, ते घाम शोषतात, प्रत्येक धुण्यात मऊ होतात. कृत्रिम धाग्याच्या साडीवर सुई घसरते आणि पांघरलं की अंग घामेजतं. तसंच स्टेनलेस स्टीलचं. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागायची, नवसागराचा धूर सोडत कल्हईवाला दारात बसायचा. स्टील आलं, त्याला कल्हई लागेना, आणि तो हळूहळू यायचा बंद झाला. गंमत अशी की हेच स्टील बोहारणीच्या टोपलीत आलं. जुने कपडे द्या, भांडं घ्या. दोन पँटी आणि एक साडी यांच्या बदल्यात पातेलं की नुसतीच वाटी, यावर जी घासाघीस चाले ती तासभरही चालत असे. जरीचा शालू असला तर बोहारीण लगेच तयार व्हायची, कारण खऱ्या जरीतून चांदी निघते. घरात नको झालेलं कापड तिच्यामार्फत जुन्या कपड्यांच्या बाजारात जाई आणि तिथून दुसऱ्या कुणाच्या अंगावर. ही बाई डोक्यावर ओझं घेऊन दिवसभर उन्हात फिरे, आणि तिच्याशी घातलेली हुज्जत आम्ही काटकसर म्हणून मिरवत आलो, याचं मला वाईट वाटतं.

श्रमाची ही बाजू हिशेबाच्या वहीत कधी आलीच नाही. घरी लाटलेला पापड ‘फुकट’ पडतो, कारण लाटणाऱ्या हाताला दर नसतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि विकले. तिथून ‘लिज्जत पापड’ ही बायकांची संस्था उभी राहिली. काम तेच, ऊन तेच, फक्त त्या दिवशी त्याला किंमत मिळाली. घराघरांत मे महिन्यात लाटल्या गेलेल्या पापडांना ती तेव्हाही मिळत नव्हती.

वाचवलेला पैसा कुठे जाई? पोस्टाची बचत बँक १८८२ पासून होती, पण खातं बहुधा पुरुषाच्या नावाचं. बाईकडे भिशी होती. दहा-बारा जणींनी दरमहा ठरलेली रक्कम घालायची आणि चिठ्ठी निघेल तिनं सगळी उचलायची. १९७२ मध्ये केंद्र सरकारनं महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आणली आणि पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणाऱ्या महिला एजंट दारात येऊ लागल्या. पाच-दहा रुपयांपासूनचे हप्ते, स्वतःच्या सहीचं कार्ड. कित्येक बायकांच्या नावावरचा हा पहिला कागद असेल.

आणि डबे होतेच. डाळीच्या तळाशी, तांदळात, साडीच्या घडीत ठेवलेल्या नोटा. भाजीतून दोन रुपये, रद्दीतून दहा, माहेरहून आलेले शंभर. नवऱ्याला न सांगता ठेवायचे, कारण सांगितलं की ते खर्चाला निघत, काही घरांत दारूला. पोराची फी भरायची राहिली, कुणाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, की तेवढ्यापुरती त्यातली एखादी नोट बाहेर यायची.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. थोड्या दिवसांतच सरकारला जाहीर करावं लागलं की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत रक्कम खात्यात भरली तर चौकशी होणार नाही. घराघरांतून डबे उपडे झाले, डाळ ताटात ओतली गेली. नोटा भरायला खातं लागत होतं, आणि ते कित्येक घरांत नवऱ्याचंच होतं, म्हणून डब्याच्या तळाशी किती होते हे तिथल्या बायकांना त्याला सांगावं लागलं.