रूम रेंटची लिमिट आणि बिलातली 'प्रपोर्शनेट' कपात: पार्श्वभूमी

मेडिक्लेम १९८६ साली आलं तेव्हा आरोग्य विमा म्हणजे चार सरकारी कंपन्याच. आधी खिशातून बिल भरायचं, मग फाइल घेऊन ऑफिसात खेटे घालायचे. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या, २००१ मध्ये टीपीएचे (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी मधली संस्था) नियम झाले आणि हळूहळू कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देणं, रुळलं. या कॅशलेस शब्दाने फार गैरसमज झाला, कार्ड दाखवलं की आपल्याला काहीच भरायचं नाही असं अजूनही बरेच जण धरून चालतात.

पण सगळ्यात मोठा घोळ झाला तो रूम रेंटचा. बऱ्याच पॉलिसींत रूमसाठी दिवसाला सम इन्शुअर्डच्या (पॉलिसीच्या एकूण विमा रकमेच्या) १ टक्का आणि आयसीयूसाठी २ टक्के अशी लिमिट असते, म्हणजे २ लाखांच्या पॉलिसीला २ हजारांची रूम. २०२० च्या आधीची गोष्ट, आमच्या मावशीला अ‍ॅडमिट करताना काउंटरवर सांगितलं की शेअरिंग फुल आहे, ४ हजारांची सिंगल आहे, घेता का? आम्ही हिशोब केला की ५ दिवसांचे वरचे १० हजार आपण भरू, आणि हो म्हणालो. बिल साधारण दीड लाखाचं झालं (आकडे समजायला गोल केलेत): रूमचे २० हजार, डॉक्टर, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि नर्सिंगचे ८० हजार, औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटचे ५० हजार. मंजूर झाले ७५ हजार! रूम लिमिटच्या दुप्पट म्हणून अख्खं बिलच निम्मं. डिस्चार्जच्या दिवशी मावशी व्हीलचेअरवर बसून होती आणि आम्ही एटीएम शोधत फिरत होतो.

हीच ती प्रपोर्शनेट कपात. कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, कारण बऱ्याच हॉस्पिटलांत रूम बदलली की त्याच ऑपरेशनचा सर्जनचा चार्जही बदलतो. पण गोळीची छापील किंमत रूम बघून बदलत नाही ना, मग औषधांवर कात्री का? पॉलिसीत तसा शब्द होता म्हणून, आणि तो प्रत्येक कंपनीत वेगळा, कुठे औषधं वगळलेली तर कुठे सरसकट सगळं. हॉस्पिटलने दर ठरवायचे, कंपनीने कापायचे आणि मधल्यामध्ये भरडला जायचा पेशंट, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

हॉस्पिटलं आणि कंपन्यांची ओढाताण जुनीच आहे. जुलै २०१० मध्ये सरकारी कंपन्यांनी बिलं फुगवली जातात म्हणून मुंबई, दिल्लीतल्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांचं कॅशलेस थांबवलं होतं, मग ठरलेल्या पॅकेज दरांचं वेगळं नेटवर्क आलं.

कपातीवर लगाम आला २०२० मध्ये. १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या पॉलिसींना आणि १ एप्रिल २०२१ पासून जुन्यांनाही नियम लागला की औषधं, कन्झ्युमेबल्स (सिरिंज, ग्लोव्हजसारख्या एकदा वापरायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू चार्जेसवर प्रपोर्शनेट कपात करता येणार नाही, आणि जिथे रूमप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथे तर अजिबातच नाही. मावशीचं बिल या नियमाने लावलं तर रूमचे १० हजार, डॉक्टर-ओटीचे ४० हजार आणि औषधं-तपासण्या-इम्प्लांटचे ५० हजार पूर्ण, म्हणजे १ लाख मिळाले असते. तरीही ५० हजार आपल्यावरच, आपण धरलेल्या १० हजारांच्या पाचपट. म्हणून अ‍ॅडमिट होतानाच काउंटरवर विचारायचं, तुमच्याकडे रूमप्रमाणे सर्जन-ओटीचे चार्ज बदलतात का, आणि बदलत नसतील तर ते लेटरहेडवर लिहून घ्यायचं, कपात झाली तर तोच कागद कंपनीला पाठवायचा.

२०२४ मध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायचं बंधन आलं, उशिरामुळे हॉस्पिटलने जास्त आकारलं तर तो खर्च कंपनीचा. प्रीएक्झिस्टिंग, म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजारांना कव्हर मिळेपर्यंतचं वेटिंगही जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आलं. रूम रेंटची लिमिट असलेल्या पॉलिसी मात्र अजून विकल्या जातायत, आणि प्रीमियम कमी म्हणून आपण त्या घेतोय.