कोलोरॅडोत ओढ्याकाठी बांधकाम करायचंय? आधी उंदराची चौकशी

डेन्व्हरच्या आसपास, रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याला ओढ्यालगत जमीन असेल आणि तिथं घर, रस्ता किंवा पूल बांधायचा असेल, तर नकाशे पक्के करण्याआधी एका उंदराची चौकशी करावी लागते. त्याचं नाव प्रेबल्स मेडो जंपिंग माउस. शेपूट अंगापेक्षा लांब, मागचे पाय मोठे, उड्या मारत पळणारा. १९९८ पासून अमेरिकेच्या केंद्रीय ‘एंडेंजर्ड स्पीशीज ॲक्ट’ या कायद्यानं त्याला ‘थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्यात आलेला जीव म्हणून संरक्षण आहे.

पहिलं काम घरबसल्या होतं. यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव खात्याच्या ‘आयपॅक’ या संकेतस्थळावर जमिनीची हद्द आखली की तिथल्या संरक्षित जीवांची यादी मिळते. यादीत प्रेबल्स आला म्हणून लगेच घाबरू नका. डेन्व्हर शहराचा बराचसा भाग ‘ब्लॉक क्लिअरन्स’मध्ये येतो, म्हणजे तिथं या उंदरासाठी पाहणी लागत नाही. जमीन त्यात बसते का, ते आधी बघा.

बसत नसेल तर अधिवासाची पाहणी. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा आणि तिच्यापुढचे ३०० फूट, एवढा पट्टा बघतात. विलोची दाट झुडपं आणि उंच गवत असेल तर जागा उंदराच्या सोयीची. ओढा सिमेंटनं बांधलेला किंवा काठ चरून उघडा पडलेला असेल, तर त्याचे फोटो नीट काढून ठेवा. या खात्याच्या लेकवुडमधल्या कार्यालयाला पाठवायच्या पत्रासोबत जागेचा नकाशा, कामाचं वर्णन, झाडोऱ्याची नोंद आणि हे फोटो जोडायचे. ‘इथं अधिवास नाही’ हे कार्यालयानं लेखी मान्य केलं की उंदीर आहे का हे बघायला सापळे लावायची गरज उरत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत याच पत्रावर घ्यावी.

सापळ्यांची पाळी आलीच तर हंगाम १ जून ते १५ सप्टेंबर, एवढाच. उरलेल्या काळात उंदीर बहुतेक बिळात झोपलेला असतो. जिवंत पकडणारे सापळे संध्याकाळी लावतात आणि भल्या पहाटे तपासतात. एक सापळा एक रात्र म्हणजे एक ‘ट्रॅप नाइट’, आणि अशा शेकडो भराव्या लागतात. हे काम जमीनमालकाला करता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम १० चा परवाना असलेला जीवशास्त्रज्ञच लागतो. पश्चिमेकडचा दुसरा एक उड्या मारणारा उंदीर हुबेहूब असाच दिसतो, तेव्हा हौशी नजरेचा इथं उपयोगही नाही. असे तज्ज्ञ मोजकेच, म्हणून त्यांना हिवाळ्यातच गाठा. ऑगस्टमध्ये फोन केलात तर बहुधा वर्ष गेलं.

सापळे न लावता ‘उंदीर आहे’ असं गृहीत धरून पुढं जायचीही मुभा आहे. आराखडा ओढ्यापासून मागं सरकवता येत असेल तर हा मार्ग बरेचदा स्वस्त पडतो.

उंदीर सापडला आणि काम टाळता येत नसेल, तर दोन वाटा. ओढ्यात भराव घालायला आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियांत्रिकी खात्याचा ४०४ परवाना (पाणी कायद्याच्या कलम ४०४ चा) लागत असेल, तर कोरच कलम ७ खाली वन्यजीव खात्याशी सल्लामसलत करतं. औपचारिक सल्लामसलतीला १३५ दिवस धरून चाला. केंद्राचा कुठलाच संबंध नसेल, तर अधिवास संवर्धन आराखडा (उंदराचं नुकसान कसं कमी करणार आणि भरून काढणार, याची योजना) बनवून ३-२००-५६ क्रमांकाचा अर्ज तुम्हालाच भरावा लागतो.

चालू शेती, पाटाची देखभाल, तणनियंत्रण आणि घरात किंवा घरालगत १० फुटांत उंदीर मारणं याला विशेष नियमानं सूट आहे. नवं बांधकाम त्यात येत नाही.