पाइपची वाटी मुरवणे

नव्या लाकडी पाइपच्या वाटीत सुरुवातीचे काही दिवस थोडी थोडी तंबाखू मंद आचेवर ओढून तिच्या आतल्या भिंतीवर कोळशाचा पातळ, टणक थर बसवण्याच्या क्रियेला वाटी मुरवणे म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले पाइपचे शौकीन या क्रियेला ‘ब्रेकिंग इन’ आणि त्या थराला ‘केक’ म्हणतात. केकमुळे निखाऱ्याची आच थेट लाकडाला लागत नाही आणि तंबाखू जळताना सुटणारी ओल काही अंशी शोषली जाते. धुरातले विषारी घटक मात्र त्याने गाळले जात नाहीत. पाइप मुरलेला असो वा कोरा, त्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तोच राहतो.

मुरवण्याचा प्रश्न मुख्यतः ब्रायरच्या पाइपपुरता आहे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, खोड आणि मूळ यांच्यामध्ये धरणारी गाठ. नावावरून ते काटेरी झुडूप असावे असे वाटते, पण हा शब्द फ्रेंच ‘ब्रुयेर’चा अपभ्रंश आहे आणि त्याचा काट्यांशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील ज्युरा पर्वताच्या कुशीतील सें-क्लोद गावात या गाठीचे पाइप घडू लागले आणि तेथून ते जगभर गेले. गाठ पाइपजोगी व्हायला काही दशके लागतात. ती कापल्यावर आतला टॅनिनयुक्त कडू रस निघून जावा म्हणून ठोकळे कित्येक तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन्‌महिने, काही कारागीर तर वर्षानुवर्षे, सावलीत वाळवतात. एवढे करूनही लाकडात थोडा रस उरतोच. नव्या पाइपच्या पहिल्या काही झुरक्यांना जी कडवट, ओल्या लाकडासारखी चव येते ती त्याचीच. ब्रायर उष्णतेला चांगला टिकतो, पण अखेर ते लाकूडच असल्यामुळे जोरदार झुरक्यांनी फुललेला निखारा त्याला जाळू शकतो.

जुन्या पद्धतीनुसार पहिले काही वेळा वाटी एक तृतीयांशच भरतात आणि तेवढी तंबाखू तळापर्यंत ओढून संपवतात. त्यानंतर काही वेळा अर्धी, मग दोन तृतीयांश आणि शेवटी पूर्ण, असा क्रम असतो. यामागचे कारण साधे आहे. वाटी पहिल्याच दिवशी काठोकाठ भरली, तर वरच्या भागावर थर चढतो, पण ओढणारा कंटाळून तळाची ओलसर तंबाखू झाडून टाकतो आणि तळ कोराच राहतो. तंबाखू भरतानाही सगळीकडे सारखा दाब देत नाहीत. तळाशी लहान मुलाच्या हाताने, मध्ये बाईच्या आणि वर पुरुषाच्या हाताने दाबावे, असा जुना संकेत आहे. पेटवल्यावर तंबाखू फुगून वर येते; ती तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीच्या टोकाने हलकेच बसवून दुसऱ्यांदा पेटवतात आणि खरे ओढणे तेथून सुरू होते. वाटी बाहेरून गालाला लावून पाहावी आणि चटका बसत असेल तर पाइप खाली ठेवून द्यावा, हा आच ओळखण्याचा सोपा उपाय आहे. वाऱ्यात ओढल्यास निखारा भात्यावर धरल्यासारखा फुलतो, म्हणून नवा पाइप घरातच ओढलेला बरा. दोन वेळांमध्ये निदान एक दिवसाची विश्रांती दिली की लाकडात शिरलेली ओल सुकते.

तंबाखूच्या जातीनेही फरक पडतो. बर्ली जातीच्या तंबाखूत साखर कमी असल्याने तिचा थर कोरडा आणि टणक बसतो. पाकात घोळवलेल्या सुगंधी तंबाखूचा थर मऊ, चिकट राहतो. ओढून झाल्यावर थोडी बारीक राख वाटीतच ठेवून, तोंडावर तळहात झाकून, पाइप हलवण्याची सवय पुष्कळांना असते. राखेची पूड भिंतीला सगळीकडून चिकटून थर समान होतो. थराच्या जाडीसाठी अमेरिकेत डाइम नाण्याचे माप सांगतात, म्हणजे १.३५ मिलिमीटर. त्याहून फार जाड थर धोक्याचा ठरतो, कारण तापल्यावर कोळसा आणि लाकूड सारखे प्रसरण पावत नाहीत व वाटीला तडा जातो. जादा थर रीमर नावाच्या हत्याराने, वाटी गोल फिरवत, थोडा थोडा खरवडतात. टोकदार सुरीने तळ उकरणे हा पाइप बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे.

आतल्या भिंतीला पहिल्या वेळी मधाचे बोट फिरवण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. मधातली साखर करपून राख धरून ठेवते हे खरे, पण असा थर ठिसूळ निघण्याची शक्यता असते, आणि साध्या पाण्याचे बोट तेवढेच काम करते. अनेक उत्पादक वाटीला आतून सोडियम सिलिकेट आणि कोळशाच्या पुडीचा लेप देऊनच पाइप विकतात. काही कारागीर त्यासाठी चक्क ताकात कोळशाची पूड कालवतात. अशा पाइपला एक तृतीयांशाचा नेम पाळण्याची गरज नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यात तथ्य आहे. सावकाश ओढण्याला मात्र त्यांच्याकडेही पर्याय नाही. घाई केल्यास भिंतीच्या एखाद्या दुबळ्या जागी लाकूडच धुमसू लागते. बाहेरून तेथे डाग काळवंडतो, वार्निशला फोड येतात आणि शेवटी आरपार भोक पडते.

इतर पाइपांना हा सोपस्कार लागत नाही. मक्याच्या कणसाचा पाइप पहिल्या दिवसापासून भरून ओढता येतो. तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या खाणींतून निघणाऱ्या मीरशॉम या मऊ, पांढऱ्या खनिजाच्या पाइपमध्ये तर थर साचूच देत नाहीत आणि प्रत्येक वेळी वाटी आतून पुसून घेतात. महाराष्ट्रात ओढली जाणारी मातीची चिलीमही भट्टीतून भाजूनच आलेली असते. तिच्यात खडा टाकला, खाली ओली छापी, म्हणजे फडका, गुंडाळली की झाले. युरोपातले मातीचे पाइप तर काळे पडले की विस्तवात टाकून साचलेला थर जाळून काढत आणि पुन्हा पांढरे करून वापरत.