फुटबॉल मैदानांवरील हिंसाप्रतिबंधक उपाय आणि प्रेक्षकसंख्या

सामन्यांतील मारामारी, दगडफेक व चेंगराचेंगरी रोखण्यासाठी योजलेल्या उपायांमुळे मैदानावरच्या गर्दीत होणारा बदल. अंगझडती, सीसीटीव्ही, नावानिशी तिकीट, पाहुण्या संघाच्या समर्थकांना बंदी, रिकाम्या मैदानात सामना हे त्यांतले प्रमुख उपाय. सांगली-मिरजेच्या फुटबॉलप्रेमींना हा विषय परका नाही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांच्या लढतींना गॅलऱ्या भरतात आणि समर्थकांच्या हुल्लडबाजीने खेळाला गालबोटही लागते.

या विषयाचा सर्वाधिक अभ्यास इंग्लंडच्या अनुभवावरून झाला. तिथल्या लीग सामन्यांना 1948-49 च्या हंगामात 4 कोटींहून अधिक प्रेक्षक आले. 1985-86 मध्ये हा आकडा सुमारे 1 कोटी 65 लाखांवर उतरला. हुल्लडबाजी हे त्याचे एक कारण. टीव्ही आणि करमणुकीची इतर साधनेही तितकीच जबाबदार होती. प्रेक्षकांनी मैदानात घुसू नये म्हणून अनेक ठिकाणी उंच लोखंडी जाळ्या उभारल्या होत्या. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर याच जाळीने घात केला. बाहेरची रेटारेटी कमी व्हावी म्हणून पोलिसांनी बाहेर पडण्याचा दरवाजा आत येण्यासाठी उघडला. लोक बोगद्यातून थेट मधल्या, आधीच खच्चून भरलेल्या कप्प्यांत शिरले. मागून लोंढा आणि पुढे जाळी, त्यात 97 जणांचा जीव गेला. दोष आधी समर्थकांच्या माथी मारला गेला; त्यांचा दोष नव्हता हे ज्यूरीने मान्य करायला 2016 साल उजाडले. गर्दीकडे केवळ उपद्रव म्हणून पाहिले की काय होते, याचे याहून भीषण उदाहरण नाही.

हिल्सबरोच्या चौकशीच्या 1990 मधील टेलर अहवालानंतर जाळ्या निघाल्या, वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवर उभ्याने पाहण्याऐवजी खुर्च्या आल्या आणि प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र सक्तीचे करण्याची सरकारी योजना बारगळली. सर्वोच्च श्रेणीची सरासरी तेव्हाच्या सुमारे 20,000 वरून पुढे 40,000 च्या घरात गेली. मात्र याचे सगळे श्रेय खुर्च्यांना देता येत नाही. गर्दी 1986-87 पासूनच हळूहळू वाढू लागली होती. शिवाय नवी मैदाने आणि टीव्हीचा पैसाही त्याच काळात आला. तिकिटेही महागली आणि कष्टकरी वस्तीतला तरुण गॅलरीतून बाहेर पडला. हा तोटा एकूण आकड्यात दिसत नाही.

ओळखपत्राची वाट इटली आणि तुर्कस्तानने धरली. इटलीत 2010 मध्ये हंगामी तिकिटासाठी समर्थक कार्ड सक्तीचे झाले. तुर्कस्तानात 2014 मध्ये बँकेशी जोडलेले ‘पासोलिग’ कार्ड आले. दोन्हीकडे कडव्या समर्थकांनी बहिष्कार टाकला आणि तुर्कस्तानात गर्दी लक्षणीय घटली. त्याच तुर्कस्तानात याआधी एक वेगळा प्रयोग झाला होता. फेनरबाहचे या संघाला रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा होती. ती बदलून फक्त स्त्रियांना आणि 12 वर्षांखालील मुलांना मोफत प्रवेश दिला गेला. 20 सप्टेंबर 2011 च्या त्या सामन्याला 41,000 हून अधिक जणी आणि मुले आली. यायची इच्छा असूनही घरी बसलेला मोठा प्रेक्षकवर्ग असतो, हे त्या दिवशी उघड दिसले.

अर्जेंटिनाने 2013 मध्ये पाहुण्या समर्थकांना बंदी केली. तरी यजमान समर्थकांनी गॅलऱ्या भरल्याच. एकाच संघाच्या टोळ्यांमधला हिंसाचारही थांबला नाही.

उपायांचा नेमका परिणाम मोजणे अवघड असते. कडक निर्बंध बहुधा हिंसा वाढल्यावर येतात आणि तोवर कुटुंबे आधीच यायची थांबलेली असतात. मग घटलेली गर्दी भीतीची की निर्बंधांची, हे वेगळे काढता येत नाही. एवढे मात्र दिसते की दंगेखोराला नेमके हुडकणारे उपाय प्रेक्षक सहज स्वीकारतात. सरसकट सगळ्यांना संशयित ठरवणारे उपाय प्रेक्षकाला दूर लोटतात.

आपल्याकडच्या खुल्या मैदानांवर यातले बरेच उपाय लागूच होत नाहीत. तिकीट नाही तिथे नावनोंदणी कुठून होणार? भार पोलीस बंदोबस्तावर आणि तालीम-मंडळांच्या कार्यकर्त्यांवर पडतो. प्रवेशद्वारावर पाण्याची बाटली काढून घेतली, तर आत पिण्याचे पाणी हवे. उन्हात लेकराला घेऊन आलेला बाप पुढच्या सामन्याला येईल की नाही, ते यावर ठरते. स्वच्छतागृह, मुलींसाठी वेगळी बाक-रांग, सामना संपल्यावर दोन्ही समर्थकांना वेगवेगळ्या दारांनी सोडणे यांनाही खर्च फारसा नाही. शेवटचा उपाय तर सर्वात निकडीचा, कारण भांडण पुष्कळदा मैदानाबाहेर, रस्त्यावर पेटते.